रेघा आधी, फुली नंतर: वेन आकृतीने तर्काचे प्रश्न सोडवताना

दिलेल्या विधानांवरून कोणता निष्कर्ष निघतो ते ओळखायचं, असा ‘विधाने व निष्कर्ष’ हा स्पर्धा परीक्षांतला प्रश्नप्रकार समोर आला की बरेच जण विधानं दोनतीनदा वाचतात आणि जो निष्कर्ष पटतो त्यावर खूण करून मोकळे होतात. पटणं आणि सिद्ध होणं यांच्यात फट असते, आणि प्रश्न काढणाऱ्याचा डोळा नेमका त्या फटीवर असतो. ‘सर्व मासे उडतात’ असं विधान दिलं असेल, तर ते खरं मानूनच पुढे जायचं. माशांबद्दलचं आपलं ज्ञान इथे कामाला येत नाही, आडवं मात्र येतं. वेन आकृती म्हणजे एकमेकांत शिरलेली वर्तुळं, प्रत्येक गटाला एक. तिचा पहिला फायदा हाच, की विधानांनी जेवढं सांगितलं तेवढंच कागदावर उतरतं.

दुसरी गोष्ट, आकृतीला प्रश्न कसा विचारायचा. ‘हा निष्कर्ष खरा आहे का?’ असं विचारलं की आपण त्याच्या बाजूने चित्र रंगवायला लागतो. त्याऐवजी असं विचारा: सगळी विधानं खरी ठेवून हा निष्कर्ष खोटा पाडता येतो का? एकदा जरी पाडता आला, तरी तो बाद.

कोरी आकृती

दोन गट असतील तर एकमेकांत अर्धवट शिरलेली दोन वर्तुळं काढा आणि भोवती चौकट. चार भाग मिळतात: फक्त पहिल्यात, फक्त दुसऱ्यात, दोन्हींत आणि कशातच नाही. तीन गटांसाठी तिसरं वर्तुळ असं काढा की ते आधीच्या प्रत्येक भागाला छेदून जाईल. मग आठ भाग होतात. मध्यभागी तिन्हींचा मिळून एक, त्याला चिकटून फक्त दोघांचे तीन, कडेला एकेकट्याचे तीन आणि वर्तुळांबाहेरचा एक. वर्तुळं ऐसपैस काढा. नवशिक्यांची अर्धी चूक मधला भाग चिमुकला काढल्यामुळे होते. तिथे खूण मावत नाही आणि मग ती कुठल्या भागात आहे हेच कळत नाही.

विधान काहीही असो, वर्तुळं एकमेकांत शिरलेलीच काढायची. ‘कोणताही अ ब नाही’ असं वाचल्यावर दोन सुटी वर्तुळं काढायचा मोह होतो. ती पद्धत ऑयलर यांची. लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाच्या १७६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांमध्ये वर्तुळात वर्तुळ, सुटी वर्तुळं, छेदणारी वर्तुळं अशी चित्रं आहेत. दिसायला ती सोपी आहेत, पण अडचण अशी की ‘काही अ ब आहेत’ हे विधान तीनचार वेगवेगळ्या चित्रांत बसतं आणि आपण त्यातलं एकच काढून थांबतो. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन (१८३४–१९२३) यांनी १८८० मध्ये उलटा मार्ग मांडला: सांगाडा एकच ठेवायचा आणि माहिती खुणांनी भरायची. कोरी आकृती काहीच दावा करत नाही, आणि तेच तिचं बळ आहे. सरावाच्या पुस्तकांत ‘वेन आकृती’ म्हणून जे छापलेलं असतं ते पुष्कळदा ऑयलरचं चित्र असतं, हेही लक्षात असू द्या.

दोन खुणा, चार विधानं

खुणा दोनच. तिरक्या रेघा मारलेला भाग म्हणजे ‘इथे कुणीही नाही’. फुली म्हणजे ‘इथे निदान एक जण आहे’. ज्या भागात रेघाही नाहीत आणि फुलीही नाही, तिथे कुणी आहे की नाही हे माहीत नाही. कोऱ्या भागाला रिकामा समजू नका. बहुतेक चुकीची उत्तरं तिथूनच येतात.

शाळेत संच शिकताना आपण ज्या भागाबद्दल बोलायचं तो भाग रंगवत असू. इथे रेघांचा अर्थ बरोबर उलटा आहे. पहिले काही प्रश्न सोडवताना कागदाच्या कोपऱ्यात ‘रेघा = रिकामं’ एवढं लिहून ठेवलं तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

आता विधानं. कितीही वळणदार वाक्य असो, ते या चारांपैकी एकात बसवायचं:

- सर्व अ हे ब आहेत: ‘फक्त अ’ या भागात रेघा.
- कोणताही अ हा ब नाही: ‘अ आणि ब दोन्ही’ या भागात रेघा.
- काही अ हे ब आहेत: ‘अ आणि ब दोन्ही’ या भागात फुली.
- काही अ हे ब नाहीत: ‘फक्त अ’ या भागात फुली.

‘सर्व’ आणि ‘कोणताही नाही’ या विधानांनी भाग रिकामे होतात, ‘काही’ने भागात कुणीतरी येतं. ‘सर्व अ हे ब आहेत’ म्हटल्यावर दोघांच्या सामाईक भागात फुली टाकू नका. त्या विधानाने एवढंच सांगितलं की ब च्या बाहेर अ सापडणार नाही.

एक प्रश्न सावकाश

सर्व कवी वाचक आहेत. काही वाचक गायक आहेत. निष्कर्ष: काही कवी गायक आहेत.

वाचताना हा निष्कर्ष सहज गळी उतरतो. आता तीन वर्तुळं काढा: कवी, वाचक, गायक. पहिल्या विधानानुसार वाचकांच्या वर्तुळाबाहेर असलेला कवींचा सगळा भाग रेघांनी भरा. त्यात दोन तुकडे येतात, ‘फक्त कवी’ आणि ‘कवी व गायक, पण वाचक नाही’. दुसरा तुकडा विसरला जातो. विधानात गायकांचा उल्लेख नसला तरी तो भरायचाच.

दुसऱ्या विधानाची फुली वाचक आणि गायक यांच्या सामाईक भागात पडायला हवी. पण त्या भागातून कवींच्या वर्तुळाची रेषा जाते आणि त्याचे दोन तुकडे होतात: एक कवींच्या आत, एक बाहेर. फुली कुठल्या तुकड्यात, हे विधान सांगत नाही. म्हणून ती रेषेवरच टाका. रेषेवरची फुली म्हणजे ‘दोहोंपैकी निदान एका बाजूला कुणीतरी आहे, कुठे ते ठाऊक नाही’. वेन यांच्या रेघांना अशी फुलीची जोड पुढे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी दिली.

निष्कर्षाला कवी आणि गायक यांच्या सामाईक भागात पक्की फुली हवी. आपली फुली रेषेवर आहे. ती कवींच्या बाहेर सरकवली तरी दोन्ही विधानं शाबूत राहतात. निष्कर्ष खोटा पाडता आला, म्हणजे तो निघत नाही.

रेघा आधी का

दुसरा प्रश्न: काही चित्रकार प्रवासी आहेत. कोणताही प्रवासी आळशी नाही.

विधानं दिलेल्या क्रमाने घेतली तर पहिलीच फुली चित्रकार आणि प्रवासी यांच्या सामाईक भागात, आळशींच्या रेषेवर अडकून बसते. त्याऐवजी दुसरं विधान आधी घ्या. प्रवासी आणि आळशी यांचा सामाईक भाग पूर्ण रेघांनी भरला, की चित्रकार-प्रवासी भागातला आळशींकडचा तुकडाही बंद होतो. आता फुलीला एकच जागा उरते: चित्रकार आहे, प्रवासी आहे, आळशी नाही. फुली पक्की बसली. म्हणून विधानं कोणत्याही क्रमाने दिलेली असोत, ‘सर्व’ आणि ‘कोणताही नाही’वाली आधी, ‘काही’वाली नंतर.

आता दोन निष्कर्ष तपासा. ‘काही चित्रकार आळशी नाहीत’: फुली चित्रकारांत आहे आणि आळशींच्या बाहेर आहे, म्हणजे निष्कर्ष निघतो. ‘काही आळशी लोक चित्रकार नाहीत’: यासाठी आळशींच्या वर्तुळात, चित्रकारांच्या बाहेर फुली हवी. तिथे काहीच नाही. निघत नाही. ‘काही अ हे ब नाहीत’ हे वाक्य उलटं फिरवता येत नाही. ‘काही अ हे ब आहेत’ आणि ‘कोणताही अ हा ब नाही’ ही मात्र खुशाल फिरवा, कारण त्यांच्या खुणा सामाईक भागात पडतात आणि तो भाग दोघांचा सारखाच असतो.

वाक्य नीट वाचा

आकृती बिनचूक काढूनही उत्तर चुकतं तेव्हा गडबड बहुधा वाक्याच्या अर्थात झालेली असते.

‘काही’ म्हणजे निदान एक. सगळेही असू शकतात. ‘काही अ ब आहेत’ यावरून ‘काही अ ब नाहीत’ हे काढता येत नाही, बोलताना आपण तसं सुचवत असलो तरी. ‘फक्त काहीच अ ब आहेत’ असं दिलं असेल तर मात्र दोन विधानं समजा, काही आहेत आणि काही नाहीत, आणि दोन फुल्या टाका.

‘फक्त सभासदच मतदान करतात’ याचा अर्थ सर्व मतदार सभासद आहेत. सर्व सभासद मतदान करतात असं ते म्हणत नाही. ‘फक्त’ ज्याला चिकटतो ते वर्तुळ मोठं, असं डोक्यात ठेवा.

‘सर्व अ ब नाहीत’ हे वाक्य मराठीत दोन्हीकडे झुकतं: एकही नाही, किंवा सगळेच्या सगळे नाहीत. चांगल्या प्रश्नात ‘कोणताही अ ब नाही’ किंवा ‘काही अ ब नाहीत’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. तसं नसेल तर पर्यायांवरून अंदाज घ्यावा लागतो; दोष तुमचा नसतो.

आणखी एक बारकावा. ‘सर्व कवी वाचक आहेत’ यावरून ‘काही वाचक कवी आहेत’ हे निघतं का? आजच्या तर्कशास्त्रात निघत नाही, कारण जगात एकही कवी नसला तरी पहिलं विधान खोटं ठरत नाही. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत निघतं, कारण तिथे ज्याच्याबद्दल बोलायचं ते अस्तित्वात आहे असं धरलेलं असतं. हा फरक किरकोळ नाही. दोन विधानं आणि एक निष्कर्ष यांचे एकूण २५६ साचे होतात. अस्तित्व धरलं तर त्यांतले २४ ग्राह्य ठरतात, न धरलं तर १५. स्पर्धा परीक्षांत सहसा गट रिकामे नसतात असंच धरतात. त्यासाठी आकृतीत एक पायरी वाढवा: रेघा मारून झाल्यावर एखाद्या वर्तुळात एकच भाग मोकळा उरला असेल, तर तिथे फुली टाका. वर्तुळातल्या कुणाला तरी राहायला तीच एक जागा आहे.

‘एकतर… किंवा’ आणि ‘शक्यता’

कवी-गायकांच्या प्रश्नात दोन निष्कर्ष दिले असते, ‘काही कवी गायक आहेत’ आणि ‘कोणताही कवी गायक नाही’, तर सुटे सुटे दोन्ही निघत नाहीत. पण दोन्ही एकदम खोटे असू शकत नाहीत. सामाईक भागात कुणी असेल किंवा नसेल. अशा वेळी ‘एकतर १ किंवा २’ हा पर्याय बरोबर. तो निवडण्याआधी दोन अटी तपासा: दोन्हींत तेच दोन गट असावेत, आणि जोडी विरुद्ध असावी, म्हणजे ‘काही आहेत’सोबत ‘कोणताही नाही’ किंवा ‘सर्व आहेत’सोबत ‘काही नाहीत’. दुसऱ्या जोडीत गटांचा क्रमही तोच हवा.

‘सर्व कवी गायक असण्याची शक्यता आहे’ अशा निष्कर्षासाठी कसोटी बदलते. इथे निष्कर्ष खोटा पाडायचा नसतो, एकदा खरा करून दाखवायचा असतो. मनात त्या निष्कर्षाच्या रेघा मारून पाहा. त्या एखाद्या पक्क्या फुलीवर जात नसतील, तर शक्यता आहे. कवींचा गायकांबाहेरचा भाग बंद केला तरी आपली रेषेवरची फुली सुरक्षित राहते, म्हणून हा निष्कर्ष बरोबर.

आकड्यांचे प्रश्न

इथे रेघा आणि फुल्यांच्या जागी संख्या येतात. एका क्रीडासंघात १०० सदस्य. ४८ बुद्धिबळ खेळतात, ४२ बॅडमिंटन, ४० पोहतात. बुद्धिबळ आणि बॅडमिंटन दोन्ही १८, बॅडमिंटन आणि पोहणे १५, बुद्धिबळ आणि पोहणे १६. तिन्ही करणारे ७. काहीच न करणारे किती?

सुरुवात मध्यापासून. मध्यभागी ७ लिहा. १८ मध्ये हे ७ धरलेले आहेत, म्हणून फक्त बुद्धिबळ-बॅडमिंटन ११. तसंच बॅडमिंटन-पोहणे ८ आणि बुद्धिबळ-पोहणे ९. मग कडेचे भाग: फक्त बुद्धिबळ ४८ वजा ११, ९ आणि ७, म्हणजे २१. फक्त बॅडमिंटन १६, फक्त पोहणे १६. सगळ्या भागांची बेरीज ८८. काहीच न करणारे १२.

ताळा करायचा तर असा: एकच गोष्ट करणारे ५३, नेमक्या दोन करणारे २८, तिन्ही करणारे ७. ५३, २८ ची दुप्पट आणि ७ ची तिप्पट मिळून १३० होतात, आणि ४८, ४२, ४० यांची बेरीजही १३०. जुळलं.

आता तोच प्रश्न एका शब्दाने बदला: ‘फक्त बुद्धिबळ आणि बॅडमिंटन’ १८, बाकीच्या दोन जोड्याही तशाच ‘फक्त’. मग १८ मधून ७ वजा करायचे नाहीत. एकेकट्यांचे आकडे ७, २ आणि २ येतात, एकूण ६७, आणि काहीच न करणारे ३३. दोन्ही वाचनांत कुठेही ऋण संख्या आली नाही, म्हणजे चुकीचं वाचलं असतं तरी आकृतीने हटकलं नसतं. म्हणून जोडीच्या आकड्याआधी ‘फक्त’ आहे की नाही हे पेन्सिलने अधोरेखित करूनच पुढे जा.

कधी माहिती मुद्दाम अपुरी असते: १०० जणांपैकी ७० जणांना एक भाषा येते, ६० जणांना दुसरी, दोन्ही येणारे किती? ठाम उत्तर नाही, मर्यादा आहेत. कमीत कमी ३०, कारण ७० आणि ६० मिळून १३० होतात आणि माणसं १००च आहेत. जास्तीत जास्त ६०, कारण लहान गट पूर्ण आत सामावला तरी त्याहून जास्त होणार नाही.

‘स्त्री, आई, डॉक्टर’ असे तीन शब्द देऊन योग्य चित्र निवडायला सांगतात, ते प्रश्न झटपट होतात. जोडीजोडीने विचारा: प्रत्येक आई स्त्री आहे का? काही डॉक्टर आई आहेत का? आईचं वर्तुळ स्त्रीच्या आत, डॉक्टरचं दोन्हींना छेदून आणि बाहेरही. फक्त ‘सेकंद, मिनिट, तास’ अशा प्रश्नात सावध राहा. उत्तरसूचीत बहुधा एकात एक वर्तुळं असतात, पण सेकंद हा काही तासाचा प्रकार नाही, तो भाग आहे. तर्काच्या दृष्टीने मला हे चित्र चुकीचं वाटतं. गुण हवे असतील तर तेच निवडा.

चार गट आले तर

चार वर्तुळं काढायच्या फंदात पडू नका. चार गटांना १६ भाग लागतात आणि चार वर्तुळं कशीही ठेवली तरी जास्तीत जास्त १४ च भाग होतात. वेन यांनीही चार गटांसाठी लंबवर्तुळं वापरली. घड्याळ चालू असताना ती काढणं वेळखाऊ आहे. त्याऐवजी निष्कर्षात जे दोन गट आहेत त्यांना जोडणारी विधानं तेवढी निवडा आणि तीन-तीन वर्तुळांत काम भागवा.

उदाहरण घ्या. सर्व अभिनेते वाचक आहेत. कोणताही वाचक उतावळा नाही. काही उतावळे लोक नर्तक आहेत. निष्कर्ष: (१) कोणताही अभिनेता उतावळा नाही. (२) काही नर्तक वाचक नाहीत. (३) काही अभिनेते नर्तक नाहीत. (४) काही नर्तक अभिनेते नाहीत.

पहिल्यासाठी पहिली दोन विधानं पुरतात: अभिनेत्यांचा वाचकांबाहेरचा भाग बंद, वाचक-उतावळे भाग बंद, त्यामुळे अभिनेता आणि उतावळा यांचा सामाईक भाग पूर्ण बंद. निघतो. दुसऱ्यासाठी दुसरं आणि तिसरं विधान: उतावळ्या नर्तकाची फुली वाचकांच्या बाहेर ढकलली जाते. निघतो. चौथ्यासाठी सिद्ध झालेला पहिला निष्कर्षच नवं विधान म्हणून घ्या आणि तिसऱ्याशी जोडा. उतावळा नर्तक अभिनेता असू शकत नाही, म्हणून तोही निघतो. राहिला तिसरा. त्याला अभिनेत्यांत, नर्तकांच्या बाहेर फुली हवी. अस्तित्वाच्या नियमाने अभिनेत्यांना एक फुली देता येते, पण ती नर्तकांच्या रेषेवर अडकते, आणि सगळेच्या सगळे अभिनेते नर्तक आहेत असं धरलं तरी तिन्ही विधानांना धक्का लागत नाही. उत्तर: १, २ आणि ४.